एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्रासाठी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून एखाद्या विषयाचा विचार करावयाचा, ही रीत महाराष्ट्रात गावोगावी रुजली. इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय हे या व्यासपीठाचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीला आज मी संगणकावरील खेळांचा विषय घेऊन आलो आहे. 'पोरांच्या खेळासाठी एक संध्याकाळ कशाला?' असे काहींच्या मनात येईल, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु मला खेळाविषयी फारसे बोलावयाचे नाही. खेळ ज्या यंत्रणेवर उभा राहतो ती यंत्रणा आपल्या घरी बसून दुसऱ्याच्या संगणकासाठी कशी घडवावी, एवढाच माझा विषय आहे. तो समजला, म्हणजे ईश्वरपुरासारख्या गावातील मुलाला किंवा मुलीला कोणती विद्या आज हाताशी आली आहे, हेही समजेल.

आरंभ एका फजितीपासून करतो. कारण या विषयातले मला जे काही समजले ते त्या फजितीतूनच समजले.

आमच्या शेजारी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक मुलगी आहे. वाळवे तालुक्यातील एका प्राथमिक शाळेला कोणी तरी जुने संगणक दिले होते, आणि ते धूळ खात पडले होते. तिच्या मनात आले की, तिसरीच्या मुलांसाठी जोडाक्षरांचा एक खेळ करावा: अर्धा क आणि ष जवळ आणले की क्ष व्हावा, ज आणि ञ भेटले की ज्ञ व्हावा. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, माझा लॅपटॉप जुना आहे, त्यावर लिनक्स आहे. शाळेतल्या संगणकांवर विंडोज आहे. माझ्या लॅपटॉपवर केलेला खेळ तिथं चालेल का?" मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "चालेल. लिनक्सवर बसून विंडोजसाठी यंत्रणा घडवता येते." आम्ही तसे केलेही. एका रात्री जेवणे झाल्यावर काम लावले, ते पहाटेस संपले. सकाळी पेनड्राईव्ह घेऊन शाळेत गेलो. बाईंनी मुले रांगेत बसविली. चिन्हावर दोनदा टिचकी मारली, आणि पडद्यावर एक चौकट उमटली: हा प्रोग्रॅम या विंडोजच्या आवृत्तीशी जुळत नाही. दुसऱ्या संगणकावर तेच, तिसऱ्यावरही तेच. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने विचारले, "काका, कधी चालू होणार?" त्याला उत्तर देता आले नाही.

ते का चालले नाही, हे सांगावयाचे तर पायरीपायरीने गेले पाहिजे.

पहिली पायरी 'इंजिना'ची. कोणताही संगणकीय खेळ घ्या; त्यातील बरीच कामे सर्व खेळांना समान असतात. चित्र पडद्यावर काढणे, ते सेकंदाला साठ वेळा पुसून पुन्हा काढणे, कळ दाबली की दखल घेणे, आवाज वाजविणे, चेंडू भिंतीवर आदळला की नाही हे ठरविणे. ही कामे प्रत्येकाने नव्याने लिहिण्याऐवजी एकदाच नीट लिहून ठेवावीत आणि सर्वांनी वापरावीत, या विचारातून गेम इंजिन निर्माण झाले. प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःचा चरक बसविण्यापेक्षा गावचे एकच गुऱ्हाळ असावे, तसा हा प्रकार आहे.

आम्ही जे इंजिन वापरले त्याचे नाव 'गोडो'. आर्जेंटिनातील हुआन लिनियेत्स्की आणि आरिएल मान्सूर या दोघांनी ते रचले, आणि २०१४ साली त्याचा सगळा मूळ मजकूर एमआयटी परवान्याखाली जगासाठी खुला केला. सॅम्युएल बेकेटच्या सुप्रसिद्ध नाटकात ज्याची वाट पाहिली जाते त्या पात्रावरून हे नाव ठेवले आहे. या परवान्याचा अर्थ असा की, कोणीही हा मजकूर घ्यावा, वाचावा, बदलावा, त्यावर खेळ करून विकावा. मूळ कर्त्यांचा हक्कलेख आणि परवाना सोबत ठेवला म्हणजे झाले. आपल्या भागाला सहकाराची सवय आहे. सहकारी कारखान्याचा लाभ घ्यावयास भाग घ्यावा लागतो. येथे भागही घ्यावा लागत नाही. मात्र कारखाना चालता ठेवावयास जशी राबणारी माणसे लागतात, तशी येथेही लागतात, हे विसरून चालणार नाही.

दुसरी पायरी 'कंपाईल' करण्याची. गोडोचा बहुतेक मूळ मजकूर सी प्लस प्लस या भाषेत आहे. ही भाषा माणसाला वाचता येते. यंत्राला मात्र ती कळत नाही. यंत्राच्या प्रोसेसरला केवळ आकड्यांच्या स्वरूपातील आज्ञा समजतात. माणसाच्या भाषेतील मजकुराचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा जो प्रोग्रॅम, त्याला कंपायलर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रथम प्रसृत केलेला जीसीसी हा असाच एक खुला कंपायलर आहे. आमचे काम त्यानेच केले.

आता येथे एक शंका येते, आणि ती योग्य आहे. लिनक्सचा लॅपटॉप आणि विंडोजचा संगणक या दोहोंत प्रोसेसर एकाच जातीचा असू शकतो. बेरीज करण्याची आज्ञा दोन्हीकडे सारखीच. मग एकीकडे केलेला प्रोग्रॅम दुसरीकडे का चालू नये?

याची कारणे तीन. पहिले कारण बांधणीचे. प्रोग्रॅमची फाईल म्हणजे आज्ञांचा नुसता ढीग नव्हे. कोणता भाग स्मृतीत कोठे ठेवावा, आरंभ कोठून करावा, ही माहिती तिच्यात ठरावीक मांडणीने लिहिलेली असते. लिनक्सच्या मांडणीला ईएलएफ म्हणतात, आणि तशा फाईलच्या आरंभी १२७ हा आकडा व मागोमाग ई, एल, एफ ही तीन अक्षरे असतात. विंडोजच्या फाईलच्या आरंभी एम आणि झेड ही अक्षरे असतात. मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांच्या नावाची ती आद्याक्षरे होत. दुसरे कारण मागण्यांचे. प्रोग्रॅम स्वतः फाईल उघडत नाही किंवा खिडकी काढीत नाही. तो कार्यप्रणालीकडे तशी मागणी करतो, आणि ही मागणी करण्याची रीत दोन्हीकडे निराळी आहे. एका कचेरीचा छापील अर्ज दुसऱ्या कचेरीत दिला तर कारकून तो परतच करणार. तिसरे कारण सोबतच्या ग्रंथालयांचे. पुष्कळशी तयार कामे प्रोग्रॅम आपल्याबरोबर न आणता त्या यंत्रावर आधीपासून असलेल्या संग्रहांतून घेतो. लिनक्सवरचे संग्रह विंडोजवर नसतात, आणि विंडोजवरचे लिनक्सवर नसतात.

यावर साधा उपाय म्हणजे विंडोजचा संगणक मिळवावा आणि त्यावरच बसून कंपाईल करावे. परंतु तो घरी नसेल तर? तिसरी पायरी येथे येते. कंपायलर हाही अखेर एक प्रोग्रॅमच आहे. तो ज्या यंत्रावर चालतो त्याच यंत्रासाठी त्याने आज्ञा लिहाव्यात, असा काही निसर्गनियम नाही. लिनक्सवर चालणारा आणि विंडोजसाठी आज्ञा लिहिणारा कंपायलर करता येतो. या कामाला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात.

हे समजण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचे उदाहरण पुरे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तो कारखाना वसविला आणि बिडाचे ओतकाम तेथे सुरू झाले. ओतकामात आधी लाकडाचा नमुना करतात, त्यावरून वाळूत साचा घेतात आणि त्यात वितळलेले बीड ओततात. बीड थंड होताना आकसते, फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच. म्हणून नमुना करणारा कारागीर नेहमीची पट्टी वापरीत नाही. तितक्या प्रमाणात वाढीव खुणा केलेली निराळी पट्टी तो वापरतो. हातात लाकूड असते, पण माप बिडाचे असते. नेहमीच्या पट्टीने केलेला नमुना दिसावयास सुबक दिसेल, पण त्यातून निघालेला भाग जागेवर बसणार नाही.

क्रॉस-कंपायलर म्हणजे नेमकी ही निराळी पट्टी होय. एकच उदाहरण देतो. सी प्लस प्लस भाषेत 'लाँग' नावाचा पूर्णांक आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर तो आठ बाइटांचा असतो. ६४ बिटांच्या विंडोजवर चारच बाइटांचा. लिनक्सवर बसलेल्या कंपायलरने विंडोजसाठी काम करताना भोवतालचे आठ विसरून चार धरावयाचे असतात. अशा शेकडो मापांची पट्टी त्याच्याजवळ असते.

ही युक्ती काल-परवाची नव्हे. 'क्वेक' नावाचा खेळ १९९६ साली आला आणि त्याने जगभर धुमाकूळ घातला. तो खेळ चालत असे डॉसच्या साध्या संगणकावर. परंतु त्याच्या कर्त्यांनी तो कंपाईल केला होता अल्फा प्रोसेसरच्या एका शक्तिमान युनिक्स यंत्रावर. त्यासाठी त्यांनी वापरलेला डीजेजीपीपी हा कंपायलर जीसीसीचाच एक अवतार होता. पुढे १९९९ साली क्वेकच्या इंजिनाचा मूळ मजकूरही खुला झाला. आजची स्थिती पाहा. आपल्या खिशातील फोनवरील बहुतेक प्रोग्रॅम त्या फोनवर घडलेले नसतात. ते कोणाच्या तरी मोठ्या संगणकावर फोनसाठी घडविलेले असतात. राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या महाविद्यालयांतील मुले लहानशा आर्डुइनो पाटीवर दिवा उघडझाप करावयास शिकतात, तेव्हा तीही नकळत क्रॉस-कंपायलिंगच करीत असतात. त्या इवल्याशा पाटीवर कंपायलर चालविण्याइतकी जागाच नसते. फार कशाला, गोडोच्या अधिकृत विंडोज-प्रतीसुद्धा लिनक्सवरच तयार होतात.

आता प्रत्यक्ष कृती. लिनक्सवर विंडोजसाठी काम करणाऱ्या जीसीसीला 'मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४' या नावाने ओळखतात. तो लिनक्सच्या भांडारांतून विनामूल्य उतरवून घेता येतो. विंडोजकडे मागण्या कशा कराव्यात याची वर्णने त्याच्याबरोबरच येतात, हे महत्त्वाचे. त्यामुळे विंडोज विकत घेण्याची गरज पडत नाही. त्याच्या लांबलचक नावात तीन गोष्टी सांगितलेल्या असतात: प्रोसेसर कोणता, पुरवठादार कोण आणि कार्यप्रणाली कोणती. हे नाव वाचावयास शिकणे म्हणजे अर्धी विद्या. उबुंटू किंवा डेबियनवर याचे आणखी दोन पोटप्रकार मिळतात. त्यांपैकी 'पॉझिक्स' पद्धतीचे धागे वापरणारा प्रकार गोडोसाठी निवडावा लागतो. दुसरे साधन 'स्कॉन्स' नावाचे. ते पायथन भाषेवर चालते. हजारो फायलींपैकी कोणती आधी, कोणती नंतर, कोणती बदलली म्हणून पुन्हा कंपाईल करावयाची, हा सगळा हिशेब ते ठेवते. त्याला 'प्लॅटफॉर्म विंडोज' एवढे सांगितले की लिनक्सवर असल्याचे ओळखून ते क्रॉस-कंपायलरला हाक मारते. शेवटी सर्व तुकडे जोडणारा जोडणीकार येतो. या वेळी स्मृती सर्वांत अधिक लागते, आणि जुना संगणक येथेच धापा टाकतो.

दोन बारीक खाचाखळगे सांगून ठेवतो. लिनक्सला फाईलच्या नावातील इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरे भिन्न वाटतात. विंडोजला ती सामान्यतः एकच. विंडोजवर लिहिणाऱ्याने एखाद्या फाईलचे नाव निष्काळजीपणे मोठ्या अक्षराने लिहिले, तर तेथे चालते. येथे कंपायलर 'फाईल सापडली नाही' म्हणून अडून बसतो. आपल्या देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही, म्हणून हा दोष आपल्या डोळ्यांना लवकर दिसत नाही. दुसरा खळगा सोबतच्या संग्रहांचा. आवश्यक संग्रह प्रोग्रॅमच्या पोटातच भरले नाहीत, तर परक्या यंत्रावर 'अमुक डीएलएल नाही' अशी तक्रार येते. गोडो सामान्यतः हे संग्रह पोटात घेऊनच निघते. पण स्वतः लिहिलेल्या लहान प्रोग्रॅमांत हे हमखास विसरते.

मग आमची फजिती कशाने झाली? या सगळ्यांपैकी कशानेही नव्हे. लॅपटॉप ६४ बिटांचा होता, म्हणून आम्ही काही न सांगता ६४ बिटांची प्रत घडली. शाळेतील विंडोज ३२ बिटांचे होते. पट्टी बिडाची घेतली होती, पण घडवावयाचा होता पितळेचा भाग. विंडोज म्हटले की सगळे एकच, असे आम्ही गृहीत धरले. शिंप्याने गिऱ्हाईक न पाहता कपडा शिवावा हे शक्य आहे. परंतु माप न विचारता शिवणे हा शहाणपणा नव्हे. एक फोन करून बाईंना विचारले असते, तर ती सकाळ वाया गेली नसती.

येथे कोणी म्हणेल, 'गोडोच्या तयार प्रती मिळतात, ३२ बिटांच्याही मिळतात. मग स्वतः कंपाईल करण्याचा खटाटोप कशाला?' प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. पुष्कळांना याची गरज नसते. तयार प्रत घ्यावी, खेळ त्यात भरावा, काम झाले. इंजिनातच बदल करावयाचा असेल तरच हा मार्ग धरावा. आम्हांला दोन कारणे होती. आमचा खेळ सपाट चित्रांचा होता. तीन मितींची सगळी यंत्रणा वगळून जुन्या संगणकावरचा भार हलका करावयाचा होता, आणि तशी सोय गोडोत आहे. दुसरे कारण आपल्या लिपीचे होते. ते जरा विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण मराठी माणसाच्या दृष्टीने या विषयाचा गाभा तेथेच आहे.

इंग्रजी लिहिताना अक्षरामागून अक्षर ठेवीत गेले की झाले. देवनागरीचे तसे नाही. 'कि' लिहिताना इकार उच्चारात मागून येतो, पण कागदावर पुढे बसतो. क आणि ष भेटले की तिसरीच आकृती होते. रकार कधी डोक्यावर चढतो, कधी पायाशी जातो. हे जुळविण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा लागते. २०१८ साली आलेल्या गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत ती नव्हती. तिच्यात मराठी मजकूर टाकला की इकार चुकीच्या जागी बसे आणि जोडाक्षरे पाय मोडलेली दिसत. १ मार्च २०२३ रोजी चौथी आवृत्ती आली. तिच्यात हार्फबझ नावाचा खुला संग्रह घेतला आहे, आणि मराठी मजकूर शुद्ध उमटतो. परंतु चौथ्या आवृत्तीला पडद्याचे काम करण्यासाठी अधिक नवी चित्रयंत्रणा लागते, आणि ती शाळेच्या जुन्या संगणकांत नव्हती. म्हणजे जे इंजिन तेथे चालत होते त्याला जोडाक्षर लिहिता येत नव्हते, आणि ज्याला जोडाक्षर लिहिता येत होते ते तेथे चालत नव्हते. आणि खेळ तर जोडाक्षरांचा!

या मुलीने प्रथम तिसऱ्या आवृत्तीतच अक्षरजुळणी बसविण्याची खटपट केली, म्हणून तर मूळ मजकूर उतरविला होता. ते काम तिच्या आणि माझ्याही आवाक्याबाहेरचे ठरले. शेवटी तिने सरळ मार्ग धरला: खेळातील प्रत्येक अक्षराचे आणि जोडाक्षराचे चित्र काढले आणि इंजिनाला चित्रच दाखवावयास लावले. इंजिनाला ते अक्षर आहे हे कळत नाही, मुलांना कळते. नंतर ३२ बिटांचा क्रॉस-कंपायलर घेऊन प्रत पुन्हा घडविली. या वेळी ती आधी आपल्याच लॅपटॉपवर 'वाईन'च्या साहाय्याने चालवून पाहिली. विंडोजच्या मागण्या लिनक्सला समजावून देणारा हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. मात्र वाईनमध्ये चालले म्हणजे खऱ्या विंडोजवर चालेलच असे नव्हे. ती रंगीत तालीम समजावी.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो. एक संगणक सुरूच होईना, तो यंत्राचाच दोष. बाकीच्यांवर खेळ चालला. मागच्या खेपेस प्रश्न विचारणाऱ्या मुलाने ज आणि ञ जवळ ओढले, ज्ञ झाला, आणि तो ओरडला, "बाई, हा माझ्या नावातला!" त्याचे नाव ज्ञानेश्वर होते.

या विद्येच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. विंडोजसाठी जे सहज करता येते, ते ॲपलच्या यंत्रांसाठी तितके सहज नाही. साधने आहेत; परंतु ॲपलचा स्वतःचा विकाससंच लागतो, आणि त्याच्या परवान्याच्या अटी आहेत. म्हणजे येथे अडचण केवळ तंत्राची नसते, करारनाम्याचीही असते. आणि आपले यंत्र कितीही समर्थ असले, तरी अखेरची परीक्षा दुसऱ्याच्या टेबलावरच होते. तेथे जाणे टळत नाही.

श्रोतेहो, गावात मोठी यंत्रे नाहीत, महागडे प्रोग्रॅम नाहीत, म्हणून आमच्या मुलांनी केवळ इतरांचे वापरावे, असे आपण बरीच वर्षे मानीत आलो. जुन्या लॅपटॉपवर, एका पैशाचाही प्रोग्रॅम विकत न घेता, दुसऱ्याच्या यंत्रावर चालेल अशी वस्तू घडविता येते, हे आता आपण पाहिले. त्यासाठी लागणारा मूळ मजकूर खुला आहे, कंपायलर खुला आहे. बाजारात मिळत नाही ती एकच गोष्ट: ज्याच्यासाठी घडवावयाचे त्याचे माप आधी विचारण्याची सवय. ती आपली आपणच लावून घ्यावी लागते.

ती मुलगी सध्या चौथ्या आवृत्तीचा मूळ मजकूर वाचीत आहे. देवनागरी कशी जुळते हे तिला पाहावयाचे आहे. परवा मला म्हणाली, "काका, पुढच्या शाळेला जायच्या आधी मी एक कागदच केलाय. बिट किती, विंडोज कुठलं, स्मृती किती. बाईंनी फक्त भरून द्यायचा."